उबुंटूवरच्या लिब्रेऑफिसमध्ये मराठी ‘ल’ आणि ‘श’ पुन्हा पुन्हा बदलतात: कारण आणि इलाज

घटक चाचणीच्या प्रश्नपत्रिका छापून आल्या. मराठीच्या बाईंनी वरचा कागद उचलला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाल्या, “सर, हा ल आपला नाही.”

मी पाहिलं. ‘लेखक’, ‘लिहा’, ‘खालील’ सगळीकडे उजवीकडच्या उभ्या दंडाला टेकलेला ल. ‘शब्द’मधला श तसाच, हिंदी वर्तमानपत्रात असतो तसा. मागच्या चाचणीला मी हेच दुरुस्त केलं होतं. त्याच्या मागच्या सहामाहीलाही केलं होतं. दर वेळी फॉन्ट बदलायचा, छापायचं, विसरून जायचं आणि पुढच्या पेपरला बाईंनी पुन्हा चष्मा कपाळावर न्यायचा. शेवटी एक रविवार घालवून मूळ शोधलं. तुमच्याकडेही हा पाहुणा येत असेल तर पुढचं वाचा.

आमच्या शाळेतल्या जुन्या संगणकांवर उबुंटू २४.०४ (विंडोजऐवजी वापरायची लिनक्स प्रणाली) आहे आणि त्यात वर्डसारखं काम करणारं लिब्रेऑफिस २४.२. मेन्यूची नावं इंग्रजी स्क्रीनवर दिसतात तशीच देतो, कारण बहुतेकांची स्क्रीन इंग्रजीच असते.

लक्षणं तीन असतात आणि ती वेगवेगळी वाटतात. पहिलं वर सांगितलं. दुसरं: शैलीत (स्टाइलमध्ये) फॉन्टचा आकार १४ केला की इंग्रजी १४ होतं, मराठी मात्र १२ वरच बसून राहतं. तिसरं: मराठीचा प्रत्येक शब्द लाल नागमोडी रेघेवर तरी उभा असतो, नाहीतर धडधडीत चुकीच्या शब्दाखालीही रेघ येत नाही. मी ही तीन दुखणी समजून तीन औषधं देत होतो. तिघांचं घर एकच निघालं.

लिब्रेऑफिस प्रत्येक मजकुरासाठी तीन वेगळी खाती ठेवतं. रोमनसारख्या लिपींचं ‘वेस्टर्न’, चिनी-जपानी-कोरियनचं ‘एशियन’, आणि अरबी, हिब्रू, थाई, देवनागरी वगैरेंचं ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’. प्रत्येक खात्याला स्वतःचा फॉन्ट, स्वतःचा आकार, स्वतःचा ठळकपणा आणि स्वतःची भाषा. शैलीच्या खिडकीत तुम्ही वरच्या वर वेस्टर्नच्या रकान्यात १४ टाकता, आणि मराठी त्या खात्यात नसतेच. टूलबारवरचा फॉन्टही कर्सर त्या क्षणी ज्या लिपीत उभा आहे तिच्याच खात्यावर चालतो. आपण मात्र समजतो की सगळ्या कागदाला लागू झालं.

आता खरी मेख. या तिसऱ्या खात्याची भाषा तुम्ही कधी ठरवली नसेल तर लिनक्सवर ती सहसा ‘हिंदी (भारत)’ असते, आणि फॉन्ट ‘लोहित देवनागरी’. तुमचा उबुंटू इंग्रजीत असो की फ्रेंचमध्ये. देवनागरीचं एक अक्षरही आयुष्यात न लिहिलेल्या फ्रान्समधल्या माणसाने लिनक्सवर ओडीटी फाइल (लिब्रेऑफिसची नेहमीची मजकुराची फाइल) बनवली, तरी तिच्या पोटात ‘गुंतागुंतीच्या लिपीची भाषा: हिंदी, देश: भारत’ अशी नोंद सापडते. ओडीटी ही झिप केलेली पेटीच असते. उघडून तिच्यातली स्टाइल्स नावाची एक्सएमएल फाइल वाचली की दिसतं. मी वाचली आणि आमच्या शाळेच्या तीन वर्षांच्या सगळ्या प्रश्नपत्रिका कागदोपत्री हिंदी आहेत हे कळलं. मराठीच्या पेपरसकट.

भाषेने अक्षराचा आकार का बदलावा? कारण युनिकोडने (संगणकावर प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीने) हिंदी ल आणि मराठी ल यांना वेगळे क्रमांक दिलेले नाहीत. दोघांचा क्रमांक यू+०९३२, आणि श चा यू+०९३६. रूप कोणतं दाखवायचं ते फॉन्ट ठरवतो. चांगल्या ओपनटाइप फॉन्टमध्ये दोन्ही रूपं भरलेली असतात आणि ‘मजकुराची भाषा मराठी असेल तर हे रूप घे’ असा नियम लिहिलेला असतो. तो नियम अमलात आणायचं काम हार्फबझ नावाचा भाग करतो. २०१७ मध्ये आलेल्या ५.३ या आवृत्तीपासून लिब्रेऑफिस सगळ्या संगणक प्रणालींवर अक्षरजुळणीसाठी हार्फबझच वापरतं. म्हणजे यंत्रणा ठणठणीत आहे. तिला आपण भाषा चुकीची सांगतो आणि ती इमानदारीने हिंदी ल काढून देते.

(ज्यांना हा बारकावा हट्टाचा वाटतो त्यांच्यासाठी: राज्य शासनाच्या २०२२ च्या वर्णमालेविषयीच्या निर्णयातही ‘पाकळीयुक्त ल’ आणि ‘देठयुक्त श’ वापरा असंच म्हटलं आहे. पण बाईंचा मुद्दा त्याहून साधा होता. पहिलीतल्या पोराला आपण जो ल गिरवायला देतो, तोच त्याला चाचणीच्या कागदावर भेटावा.)

आधी निदान करा, औषध नंतर. नवी फाइल उघडा आणि लिहा: ‘शशीने लाल शाल शिवली’. या ओळीत लपायला जागाच नाही. कर्सर ‘लाल’मध्ये ठेवा आणि खिडकीच्या तळाशी असलेल्या पट्टीत पाहा. तिथे कर्सरखालच्या मजकुराच्या भाषेचं नाव असतं. ‘हिंदी’ दिसलं तर रोग सापडला. आता ती ओळ निवडून फॉन्ट ‘नोटो सान्स देवनागरी’ करा, ‘फॉरमॅट’मधून ‘कॅरॅक्टर’ उघडा, ‘कॉम्प्लेक्स’च्या भागातली भाषा मराठी करा आणि ‘अप्लाय’ दाबा. डोळ्यांदेखत दंड गळून पाकळ्या फुटतात. मी बाईंना बोलावून दाखवलं तेव्हा त्यांनी मला दोनदा मागेपुढे करायला लावलं.

हे करून रूप बदललंच नाही, तर फॉन्टमध्ये दुसरं रूप भरलेलं नाही असं समजा. मग भाषेशी कितीही झटापट केली तरी उपयोग नाही. नोटो सान्स देवनागरी आणि लोहित देवनागरी (सध्याचा) यांत दोन्ही रूपं आहेत. लोहितची अडचण एवढीच की त्याचं एकच वजन आहे. ठळक केलं की लिब्रेऑफिस अक्षरं कृत्रिमपणे जाड करतं आणि छपाईत ‘क्ष’, ‘द्ध’ यांची भोकं बुजतात. शीर्षकांसाठी नोटो घ्या, त्याचा ठळक प्रकार वेगळा आखलेला आहे. संगणकावर नसेल तर उबुंटूच्या भांडारात ‘फॉन्ट्स-नोटो-कोअर’ या नावाच्या पॅकेजमध्ये मिळतो. राज्य मराठी विकास संस्थेचा ‘यशोमुद्रा’ही मराठीसाठीच आखलेला आहे आणि पुस्तकी मजकुराला शोभतो.

आता इलाज. इथे बहुतेकजण (माझ्यासह) जी चूक करतात ती ही: सगळा मजकूर निवडतात, भाषा मराठी करतात, छापतात आणि हात झटकतात. त्या एका फाइलपुरतं काम होतं. उद्याची नवी फाइल पुन्हा हिंदीच जन्माला येते. म्हणून नव्या फाइलीचा साचाच बदलायचा.

‘टूल्स’मधून ‘ऑप्शन्स’, तिथे ‘लँग्वेजेस अँड लोकेल्स’, त्याखाली ‘जनरल’. जुन्या आवृत्तीत हेच पान ‘लँग्वेज सेटिंग्ज’ खाली ‘लँग्वेजेस’ नावाने आहे. ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’समोर टिक असू द्या आणि भाषा मराठी निवडा. त्याच जागी खाली ‘फॉर द करंट डॉक्युमेंट ओन्ली’ असं एक चौकट-बटण आहे. त्यावर टिक असेल तर तुमची सगळी मेहनत समोरच्या फाइलपुरती राहते. माझ्याकडे ती टिक कोण जाणे कधीपासून होती. सहामाहीची दुरुस्ती चाचणीपर्यंत का टिकली नाही याचं उत्तर त्या चौकोनात होतं.

मग ‘लिब्रेऑफिस रायटर’खालच्या ‘बेसिक फॉन्ट्स (सीटीएल)’ या पानावर जाऊन देवनागरीचा फॉन्ट आणि आकार ठरवा. हे पान कॉम्प्लेक्सची टिक लावल्याशिवाय दिसत नाही. ते सापडत नाही म्हणून हैराण होणाऱ्यांनी आधी टिक पाहावी.

एवढ्यावर थांबलात तरी चालेल, पण मी आणखी एक पाऊल पुढे जायला सांगेन. नवी कोरी फाइल उघडा, एफ ११ दाबा, शैलींच्या यादीतल्या ‘डिफॉल्ट पॅरॅग्राफ स्टाइल’वर उजवी टिचकी मारून ती बदलायला घ्या. ‘फॉन्ट’ टॅबमध्ये कॉम्प्लेक्सच्या भागात फॉन्ट, आकार आणि भाषा मराठी. बाकीच्या परिच्छेद-शैली हिच्याच पोटातून निघतात, त्यामुळे शीर्षक, यादी, तळटीप सगळ्यांना भाषा वारशाने मिळते. मग ‘फाइल’, ‘टेम्प्लेट्स’, ‘सेव्ह अ‍ॅज टेम्प्लेट’. नाव द्या, ‘माय टेम्प्लेट्स’ हा कप्पा निवडा आणि ‘सेट अ‍ॅज डिफॉल्ट टेम्प्लेट’वर टिक करा. इथून पुढची प्रत्येक कोरी फाइल मराठी. निकालपत्रकासाठी कॅल्क (लिब्रेऑफिसचं तक्त्यांचं साधन) वापरत असाल तर त्यातही असंच, फक्त तिथे पेशीची ‘डिफॉल्ट’ शैली बदलायची.

एक सावधगिरी. टेम्प्लेट ठरवल्यावर पुन्हा ‘ऑप्शन्स’मध्ये जाऊन काही बदललं आणि नव्या फाइलमध्ये दिसलं नाही, तर गोंधळू नका. नवी फाइल टेम्प्लेटचं ऐकते. बदल तिथे जाऊन करायचा.

आता ‘मी हे सगळं केलं, तरी महिन्याभराने परत आलं’ म्हणणाऱ्यांसाठी. माझ्या पाहण्यात याची चार कारणं आली, आणि पहिलं सगळ्यात लबाड आहे.

संगणकावर लिब्रेऑफिस दोन असतात. एक उबुंटूच्या भांडारातून आलेलं, दुसरं कुणीतरी ‘अ‍ॅप सेंटर’मधून टाकलेलं स्नॅप, म्हणजे वेगळ्या पद्धतीने बांधलेलं पॅकेज. दोघांचं चिन्ह सारखं, नाव सारखं, पण सेटिंग्ज आणि टेम्प्लेट यांचं फोल्डर वेगळं. आज उघडलेल्यात मराठी, उद्या उघडलेल्यात हिंदी, आणि तुम्हाला वाटतं संगणकाला झपाटलंय. ‘हेल्प’मधून ‘अबाऊट लिब्रेऑफिस’ उघडा. भांडारातल्या प्रतीत ‘उबुंटू पॅकेज व्हर्जन’ अशी ओळ दिसते. दोन प्रती सापडल्या तर एक काढून टाका. कोणती हे तुम्ही ठरवा, पण दोन नकोत. आमच्या संगणक कक्षात बारापैकी चार यंत्रांवर जोडगोळी होती.

दुसरं कारण म्हणजे सगळीकडे मिळणारा सल्ला: ‘काही बिघडलं की यूजर प्रोफाइल उडवा.’ प्रोफाइल म्हणजे तुमची सेटिंग्ज आणि तुम्ही साठवलेले टेम्प्लेट. ते उडवलं की मराठीही उडाली, आणि लिब्रेऑफिस पुन्हा आपल्या मूळ हिंदीवर. म्हणजे एका दुखण्याचं औषध हेच दुसऱ्याचं कारण. अक्षराच्या आकाराच्या तक्रारीसाठी प्रोफाइलला हात लावण्याची काही गरज नाही. खरंच शंका असेल तर ‘हेल्प’मधलं ‘रिस्टार्ट इन सेफ मोड’ वापरा. त्यात तुमचं प्रोफाइल बाजूला ठेवून लिब्रेऑफिस चालतं आणि दोष तिथेही दिसला तर प्रोफाइल निर्दोष सुटतं. आणि टेम्प्लेटची एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवा.

तिसरं, चिकटवलेला मजकूर. ब्राउझरमधून किंवा दुसऱ्या फाइलमधून उचललेला उतारा स्वतःचा फॉन्ट आणि स्वतःची भाषा पाठीवर घेऊन येतो, आणि ती तुमच्या शैलीपेक्षा वरचढ ठरते. कंट्रोल-व्ही ऐवजी कंट्रोल-ऑल्ट-शिफ्ट-व्ही दाबायची सवय लावा, म्हणजे फक्त अक्षरं येतात. आधीच चिकटवून झालं असेल तर तो भाग निवडून कंट्रोल-एम. पण त्याने तुम्ही हाताने केलेलं ठळक आणि अधोरेखितही पुसलं जातं, तेव्हा सगळा पेपर निवडून दाबू नका. मी दाबलं होतं. प्रत्येक प्रश्नाचे गुण ठळक होते, ते सगळे पुन्हा करावे लागले.

चौथं, बाहेरून आलेल्या वर्डच्या फाइली. यात एक गंमत आहे. तळाच्या पट्टीत भाषा पाहायला गेलात तर कधी कधी तिथे ना मराठी असते ना हिंदी. असते ‘अरबी (सौदी अरेबिया)’! घाबरू नका. वर्ड आपल्या कोऱ्या फाइलमध्ये गुंतागुंतीच्या लिपीसाठी मुळात सौदी अरबीचीच नोंद ठेवतं, आणि कुणी ती बदलली नाही की ती तशीच पुढे येते. मराठी नोंद नाही म्हटल्यावर मराठी ल तरी कुठून येणार? ‘टूल्स’, ‘लँग्वेज’, ‘फॉर ऑल टेक्स्ट’ आणि मराठी निवडा. मात्र पानाचा मथळा (हेडर), तळपट्टी (फूटर) आणि चौकटीतला मजकूर यांत वेगळं जाऊन तेच करावं लागतं, कारण मुख्य मजकुराच्या निवडीत ते येत नाहीत. शाळेचं नाव असतं नेमकं मथळ्यात, आणि आमच्या शाळेच्या नावात दोन श आहेत.

अशा फाइलींमध्ये फॉन्ट बहुधा ‘मंगल’ किंवा ‘निर्मला’ असतो. दोन्ही विंडोजचे, उबुंटूवर नसतात. टूलबारवर फॉन्टचं नाव तिरप्या अक्षरात दिसलं की समजा तो इथे नाही आणि लिब्रेऑफिस दुसऱ्यावर भागवतंय. ओळी पुढेमागे होतात, दोन पानांचा पेपर अडीच पानांवर जातो. ‘ऑप्शन्स’मध्ये ‘लिब्रेऑफिस’खाली ‘फॉन्ट्स’ या पानावर बदलीचा तक्ता आहे. तिथे ‘मंगल’च्या जागी ‘नोटो सान्स देवनागरी’ असं कायमचं सांगून ठेवता येतं. फाइलमधलं मूळ नाव तसंच राहतं, त्यामुळे पाठवणाऱ्याकडे फाइल परत गेली तर त्याचं काही बिघडत नाही.

आणि कीबोर्ड. पुष्कळांना वाटतं, उबुंटूमध्ये मराठी कीबोर्ड जोडला की मजकूर आपोआप मराठी होतो. विंडोजवर लिब्रेऑफिस कीबोर्डच्या भाषेवरून मजकुराची भाषा ओळखू शकतं. उबुंटूवर त्या भरवशावर राहू नका. इनस्क्रिप्ट असो की फोनेटिक, कळफलक फक्त अक्षर देतो. भाषा शैलीतच सांगावी लागते.

लाल रेघांचं थोडक्यात. भाषा मराठी केली तरी मराठीचा शब्दकोश बसवलेला नसेल तर शुद्धलेखन तपासलं जाणार नाही. भाषांच्या यादीत ज्या नावाशेजारी बरोबरची खूण आहे, तिचाच शब्दकोश तुमच्याकडे आहे. नसेल तर लिब्रेऑफिसच्या एक्स्टेन्शनमधून घ्यावा लागतो. फार अपेक्षा ठेवू नका. ‘शाळेतल्यांपैकीसुद्धा’ असे प्रत्ययांचे डबे जोडणाऱ्या भाषेपुढे शब्दांची यादी कुठवर पुरणार?

दोन गोष्टी या दुखण्यात मोडत नाहीत, पण लोक गफलत करतात. कार्यालयातून आलेली जुनी फाइल उघडली आणि मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा भुसा दिसला, तर ती युनिकोड नाही. डीव्हीबी-टीटी सुरेख, श्रीलिपी, कृतिदेव या जुन्या फॉन्टांच्या काळातली आहे. त्यात अक्षरं मुळात रोमनच असतात, फॉन्ट त्यांना देवनागरीचं सोंग देतो. भाषा बदलून काही होणार नाही, मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करावा लागेल. दुसरी गोष्ट आकड्यांची. ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’च्या पानावर ‘न्यूमरल्स’मध्ये काही आवृत्त्यांत ‘हिंदी’ असा पर्याय दिसतो आणि कुणीतरी उत्साहाने तो निवडतं, आता १, २, ३ येतील म्हणून. येतात अरबी लिपीतले आकडे. तो पर्याय अरबी लिहिणाऱ्यांसाठी आहे, तिकडे त्यांच्या आकड्यांना हिंदी म्हणतात. गणिताच्या सरांनी हा प्रयोग गुणपत्रकावर केला आणि पालकसभेच्या सकाळी मला फोन केला. तो पर्याय ‘अरेबिक’वर ठेवा आणि मराठी आकडे मराठी कळफलकावरूनच टाइप करा.

छपाईला बाहेर नेणार असाल तर फाइल न देता पीडीएफ द्या. ‘फाइल’, ‘एक्स्पोर्ट अ‍ॅज’, पीडीएफ. त्यात फॉन्ट सोबत जातो आणि झेरॉक्सवाल्याच्या संगणकावर काय आहे याच्याशी आपलं देणंघेणं राहत नाही. ओडीटीच द्यायची असेल तर ‘फाइल’, ‘प्रॉपर्टीज’, ‘फॉन्ट’ या टॅबमध्ये फॉन्ट फाइलमध्येच भरण्याची सोय आहे. फाइल मोठी होते, बाकी तक्रार नाही.

हे सगळं करून दुसऱ्या चाचणीचा पेपर छापला. बाईंनी चष्मा कपाळावर नेला, कागद खालपासून वरपर्यंत पाहिला आणि लाल पेनाने एकच ल गोल केला. तो शाळेच्या बोधचिन्हातला होता. ते चित्र आहे, पंधरा वर्षांपूर्वी कुणीतरी बनवलेलं. त्याची मूळ फाइल कुणाकडे आहे ते आता शोधतोय.